अमेरिकेचं सरकार 'बंद' पडतं म्हणजे नेमकं काय होतं? शटडाऊनचा इतिहास आणि अडून बसलेलं राजकारण

काठावरचा
शुक्र, १४/११/२०२५ - ०९:१२

परवा रात्री ट्रम्प यांची सही झाली आणि ४३ दिवसांचा शटडाऊन एकदाचा संपला. अमेरिकेच्या इतिहासातला हा तोवरचा सगळ्यात लांब. आधीचा विक्रम ३५ दिवसांचा होता, २०१८-१९ चा, तोही ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीतला. गेला दीड महिना इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न येत होते. अमेरिकेकडचे पैसे संपले का? दिवाळं निघालं का? बीकेसीतली व्हिसा मुलाखत रद्द होणार का? म्हणून जे माहीत आहे ते एका जागी लिहितो.

पैसे संपलेले नसतात. ते खर्च करायची परवानगी संपलेली असते. काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने; प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहिलेलं आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात सरकारी खाती, विशेषतः लष्कर, वर्षाचा पैसा काही महिन्यांत उडवून मोकळी व्हायची आणि पुढची कंत्राटं आधीच करून ठेवायची. देणं होऊन बसलेलं, मग काँग्रेस नाही कशी म्हणणार? याला आळा घालायला १८७० मध्ये अँटीडेफिशियन्सी ॲक्ट आला. १८८४ मध्ये त्यात आणखी एक पाचर मारली: सरकारसाठी कुणी फुकटही काम करायचं नाही. कारण लोक आधी 'स्वेच्छेने' राबायचे आणि नंतर पगाराचा दावा लावायचे. पुढे १९०५-०६ मध्ये शिक्षेची तरतूद झाली.

आता खरी गंमत बघा. हा कायदा शंभर वर्षं पुस्तकात होता, पण त्यामुळे कार्यालयं बंद पडली नव्हती. १९७६ पासून आर्थिक वर्ष १ जुलैऐवजी १ ऑक्टोबरला सुरू व्हायला लागलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कामगार-आरोग्य खात्यांचं विधेयक नाकारलं आणि दहा दिवस मंजुरीविना गेले. १९७७ मध्ये कार्टर यांच्या काळात गर्भपातासाठी सरकारी पैसा द्यायचा की नाही यावरून तीनदा खंड पडला. पण कर्मचारी रोज कामावर येत होते. नवा खर्च तेवढा लांबवायचा, काँग्रेस आज ना उद्या मंजुरी देईलच, असं सगळे धरून चालत.

हे सगळं पालटलं एप्रिल १९८० मध्ये. कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की कायद्याचा अर्थ सरळ आहे, मंजुरी नाही तर काम नाही. १ मे १९८० ला फेडरल ट्रेड कमिशनची मुदत संपली आणि तिथल्या सुमारे १६०० लोकांना घरी पाठवलं. एका दिवसात काँग्रेसने मंजुरी दिली. जानेवारी १९८१ मध्ये सिव्हिलेटींनी दुसरं मत देऊन थोडी फट ठेवली: माणसांचा जीव आणि मालमत्तेचं रक्षण यांच्याशी संबंधित काम चालू ठेवता येईल. आज टीव्हीवर 'अत्यावश्यक कर्मचारी' म्हणतात ते या फटीतून आलेले. विमानतळावरचा तपासनीस बिनपगारी उभा राहतो तो याच मतामुळे.

म्हणजे आज ज्याला आपण शटडाऊन म्हणतो तो घटनाकारांनी घातलेला नाही आणि काँग्रेसने मतदान करून आणलेला नाही. कायद्याच्या एका वाचनातून तो जन्माला आला आणि दोन्ही पक्षांना सोयीचा वाटला म्हणून राहिला. आयुष्याच्या उत्तरार्धात खुद्द सिव्हिलेटींनीच म्हटलं होतं की हे इतके दिवस चालेल आणि राजकीय डावपेचासाठी वापरलं जाईल याची त्यांना कल्पनाही आली नव्हती. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांचा पगार घटनेनेच पक्का केलेला आहे आणि टेबलाच्या आसपासही नसलेल्यांचा थांबतो.

(व्हिसाबद्दल: वकिलातींचं काम बहुतांशी शुल्कावर चालतं, त्यामुळे मुलाखती साधारण चालू राहतात. १९९५-९६ मध्ये मात्र तसं नव्हतं, रोजचे वीस-तीस हजार व्हिसा अर्ज पडून राहिले होते.)


राघव_पुणे
शुक्र, १४/११/२०२५ - १०:०५

छान धागा. एक शंका. यावेळी राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधीगृह, सिनेट, तिन्ही रिपब्लिकनांकडे होतं ना? मग अडलं कुठे? आपल्याकडे बहुमत असलं की अर्थसंकल्प मंजूर झालाच म्हणून समजायचं.


काठावरचा
शुक्र, १४/११/२०२५ - १०:४०

@राघव, सिनेटमध्ये. तिथे चर्चा थांबवून मतदानाला जायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. १९१७ मध्ये हा नियम आला तेव्हा दोन तृतीयांश लागायची, १९७५ मध्ये ती साठवर आणली. रिपब्लिकनांकडे यावेळी ५३ होते. प्रतिनिधीगृहाने सप्टेंबरातच तात्पुरत्या मंजुरीचं विधेयक केलं होतं, ते सिनेटमध्ये पुन्हा पुन्हा पडलं. डेमोक्रॅट म्हणत होते, ओबामाकेअरच्या (ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याच्या) विम्यावरचं वाढीव अनुदान ३१ डिसेंबरला संपतंय, ते आधी वाढवा, नाहीतर लोकांचे हप्ते कित्येक पटींनी वाढतील. शेवटी त्यांच्या गोटातले आठ जण फुटले, सिनेटमध्ये ६०-४० झालं आणि प्रतिनिधीगृहात २२२-२०९. अनुदानाचं काय? डिसेंबरमध्ये मतदान घेऊ एवढंच आश्वासन. ज्या मुद्द्यासाठी देश ४३ दिवस धरून ठेवला तो मुद्दा होता तिथेच आहे.

आणि मूळ रोग त्याहून जुना. वर्षाच्या खर्चाची बारा विधेयकं असतात. १९७७ पासून आजवर ती सगळी वेळेत मंजूर झाल्याची आर्थिक वर्षं (आदल्या ऑक्टोबरला सुरू होणारी) फक्त चार: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. बाकी सगळी वर्षं तात्पुरत्या मंजुरीच्या ठिगळांवर.


मृण्मयी_मेरीलँड
शुक्र, १४/११/२०२५ - १९:२२

धाग्यासाठी धन्यवाद. मी एका केंद्र सरकारी प्रयोगशाळेत काम करते, कुठल्या ते लिहीत नाही. बातम्यांत 'कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं' एवढंच येतं, म्हणून ती रजा कशी असते ते सांगते.

१ ऑक्टोबरला सकाळी कामावर जायचं असतं, पण काम करायला नाही. बंद करायला. साधारण चार तासांची मुभा. ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लावायचं, त्यात मजकूर ठरलेला: मंजुरी संपल्यामुळे मी उत्तर देऊ शकत नाही. फर्लोच्या, म्हणजे सक्तीच्या रजेच्या, पत्रावर सही करायची. फ्रीजर, प्राणी, गॅसची नळकांडी यांच्यावर लक्ष ठेवायला ज्यांची नावं यादीत आहेत त्यांच्याकडे किल्ल्या आणि वह्या सोपवायच्या. माझ्या पेशींच्या वाढीचा एक प्रयोग अर्ध्यात होता. अशा वेळी एकच करता येतं, जमतील तेवढ्या पेशी गोठवायच्या आणि उरलेल्या ब्लीच घालून टाकून द्यायच्या. मी टाकून दिल्या. त्यानंतर लॅपटॉप उघडायचा नाही, फोनवरही कामाचा मेल बघायचा नाही. काठावरच्यांनी लिहिलेलं १८८४ चं कलम ते हेच. घरी बसून माझ्याच संशोधनाचा लेख तपासला असता तरी तो कायदेभंग.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचा पगार सप्टेंबरच्या दिवसांपुरता आला. दिवाळीच्या आठवड्यात पगारपत्रकावर शून्य. मागचा पगार मिळतो, २०१९ मध्ये तसा कायदाच झाला. पण यावेळी व्हाइट हाउसकडून असंही पुढे आलं की तो कायदा सगळ्यांना आपोआप लागू होत नाही. वर १० ऑक्टोबरपासून हजारो जणांना नोकरी संपल्याच्या नोटिसा. त्या आता परवाच्या कायद्याने मागे घेतल्या, पण तो महिना घरात कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. एकीकडे मुलाची कॉलेजची फी, दुसरीकडे घराचा हप्ता. पतपेढीने बिनव्याजी कर्ज दिलं म्हणून निभावलं.

तरी मी सुदैवी गटातली. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाई एल साल्वादोरच्या आहेत. त्या कंत्राटदाराच्या नोकर. त्यांना मागचा पगार कुठलाही कायदा देत नाही. २०१३ ला नाही, २०१९ ला नाही, आताही नाही. त्यांचे ते आठवडे बुडाले ते बुडालेच.


सावली
शुक्र, १४/११/२०२५ - १९:५०

मृण्मयीताई, वाचून फार वाईट वाटलं. कंत्राटी कामगारांचं खरंच माहीत नव्हतं.


तात्या_अभ्यासू
शुक्र, १४/११/२०२५ - २१:१५

१९९५-९६ बद्दल लिहायलाच हवं, कारण शटडाऊन हे हत्यार म्हणून पहिल्यांदा पूर्ण ताकदीने तेव्हाच उगारलं गेलं. रेगन यांच्या काळात बरेच झाले, पण ते दिवस-दोन दिवसांचे. १९९० मध्ये थोरल्या बुश यांच्या वेळचा कोलंबस डेच्या सुट्टीत आला, त्यामुळे फारसा जाणवला नाही.

१९९४ ला रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं आणि न्यूट गिंगरिच सभापती झाले. त्यांना सात वर्षांत तूट शून्यावर आणायची होती, त्यासाठी मेडिकेअरला (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला) कात्री लावायची होती. क्लिंटन यांनी विधेयक नाकारलं. १४ नोव्हेंबर १९९५ ला सुमारे आठ लाख लोक घरी. पाच दिवसांनी तात्पुरता समझोता झाला, मग १६ डिसेंबरपासून २१ दिवस पुन्हा बंद. ग्रँड कॅन्यनला टाळं लागलं, तेव्हा ॲरिझोनाचे गव्हर्नर नॅशनल गार्डचे जवान घेऊन दारात जाऊन उभे राहिले. दोन लाख अमेरिकनांचे पासपोर्टचे अर्ज साचले.

याच वेळचा एक प्रसंग सांगतो. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीला क्लिंटन आणि गिंगरिच एकाच विमानाने गेले होते. गिंगरिच पत्रकारांना सांगून बसले की प्रवासात क्लिंटन अर्थसंकल्पाबद्दल बोलले नाहीत, उतरताना मागच्या दाराने उतरवलं, आणि विधेयक कडक करण्यामागे हेही एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क डेली न्यूजच्या पहिल्या पानावर लंगोटातल्या रडव्या बाळाच्या रूपात त्यांचं चित्र. लोकमत तिथून फिरलं ते फिरलंच. आठ लाखांचा पगार कुणाच्या तरी मानपानावर अडला, हे लोकांना सहन झालं नाही.

मात्र हेही नोंदवतो, की त्या भांडणानंतर दोघांनी बसून १९९७ चा करार केला आणि १९९८ पासून चार वर्षं अमेरिकेचा अर्थसंकल्प शिलकी होता. अडवणुकीतून काहीच निघत नाही असं सरसकट म्हणता येत नाही.


एडिसनकर
शनि, १५/११/२०२५ - ०४:३०

ज्यांना वाटतं हे फक्त वॉशिंग्टनमध्ये होतं, त्यांच्यासाठी: आमच्या न्यू जर्सीतही झालंय. २००६ मध्ये राज्य बंद पडलं तेव्हा सरकारी निरीक्षक नसल्यामुळे अटलांटिक सिटीचे कसिनोसुद्धा बंद करावे लागले होते. २०१७ मध्ये चार जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर राज्याची उद्यानं आणि समुद्रकिनारे बंद, आणि गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती त्याच बंद किनाऱ्यावर कुटुंबासह खुर्ची टाकून बसलेले. विमानातून काढलेला तो फोटो आजही लोक विसरलेले नाहीत.

यावेळी आपल्या लोकांना सगळ्यात मोठा फटका कामगार खात्याचा. एलसीए (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाआधी लागणारा कामगार खात्याचा दाखला) आणि पर्म (ग्रीन कार्डासाठी लागणारा) दोन्ही बंद होतं. एलसीएशिवाय एच-१बीचा अर्जच भरता येत नाही. इमिग्रेशन खातं शुल्कावर चालतं, ते उघडं. पण त्याच्या दाराशी जायला लागणारा कागद बंद खात्याकडे. माझ्या भाच्याची नोकरी बदलायची फाइल पूर्ण ऑक्टोबर अडकून होती. नवी कंपनी थांबायला तयार होती म्हणून वाचला. २०१३ मध्येही हेच झालं होतं. २०१८-१९ मध्ये मात्र कामगार खात्याला आधीच मंजुरी मिळालेली होती, त्यामुळे ते ३५ दिवस आपल्याला जाणवलेच नाहीत. शटडाऊन किती लांब यापेक्षा कुठल्या खात्याचा, हे आधी बघा.


जुना_लेखाधिकारी
शनि, १५/११/२०२५ - ०८:४५

राज्याच्या वित्त विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. राघवरावांनी आपल्याकडचा विषय काढला म्हणून चार ओळी.

आपल्या राज्यघटनेतही तीच अट आहे. कायद्याने केलेल्या मंजुरीशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. अमेरिकेत आहे तेच. फरक पुढच्या सोयीत. अनुच्छेद ११६ खाली केंद्राला आणि २०६ खाली राज्यांना लेखानुदान घेता येतं: पूर्ण अर्थसंकल्प मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर काही महिन्यांच्या खर्चाची मंजुरी आगाऊ. धनविधेयक राज्यसभा १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. आणि लोकसभेने मागण्याच फेटाळल्या तर सरकार जातं, कार्यालयं जात नाहीत. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तरी त्याच लोकसभेने काही दिवसांत अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर करून टाकला. २०१९ मध्ये महाराष्ट्रात निकालानंतर महिनाभर सरकार बनत नव्हतं, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, तरी नोव्हेंबरचा पगार कोषागारातून वेळेवर निघाला.

पण आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. चर्चेविना मंजुरी ही आपल्याकडे नित्याची झाली आहे. शेवटच्या दिवशी हजारो कोटींच्या मागण्या गिलोटिनखाली एका आवाजी मतदानात मंजूर होतात. विभागाने तयार केलेली पुस्तकं आमदारांच्या टेबलावर न उघडलेली राहतात. ती आम्ही रात्र रात्र बसून तयार केलेली असायची, म्हणून हे लिहिताना त्रास होतो. तिकडे पैशाची मंजुरी अडते, इकडे मंजुरीआधीची चौकशीच होत नाही.


सिडनीची_सई
शनि, १५/११/२०२५ - ११:१०

काकांच्या मुद्द्याला जोडून ऑस्ट्रेलिया. इथे हेच संकट १९७५ मध्ये येऊन गेलं. व्हिटलम यांच्या मजूर सरकारकडे खालचं सभागृह होतं, सिनेट माल्कम फ्रेझर यांच्या विरोधी आघाडीकडे. ऑक्टोबरात सिनेटने खर्चाची विधेयकं अडवली. पैसा नोव्हेंबरअखेर संपत आला होता. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलम यांनाच बडतर्फ केलं, फ्रेझर यांना काळजीवाहू नेमलं, त्याच दुपारी सिनेटने विधेयकं मंजूर केली आणि दोन्ही सभागृहं बरखास्त झाली. १३ डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमताने आले.

निवडून आलेल्या पंतप्रधानाला न निवडलेल्या माणसाने काढावं का, हा वाद पन्नास वर्षं झाली तरी मिटलेला नाही. या आठवड्यातच त्याची पन्नाशी झाली, सगळीकडे तीच चर्चा होती. मला स्वतःला करांचं वागणं पटत नाही. पण कोंडी मतदारांकडे गेली आणि पगार चालू राहिले, हे खरं. अमेरिकेत ठरलेल्या तारखेआधी निवडणूक घेताच येत नाही. म्हणून कोंडी झाली की तिला जायला वाटच नाही.


अनाहत
शनि, १५/११/२०२५ - १३:३५

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो. पैशाची किल्ली काँग्रेसकडे असणं हा राष्ट्राध्यक्षावरचा सगळ्यात मोठा लगाम आहे. तो ढिला करा म्हणणं सोपं आहे.

१८७९ चं उदाहरण घ्या. काँग्रेस डेमोक्रॅटांकडे होती. त्यांनी लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला शेपूट जोडलं की मतदानकेंद्रांवर केंद्राच्या सैन्याने संरक्षण द्यायचं नाही. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या मताला जे थोडंफार संरक्षण उरलं होतं ते काढायचा हा घाट होता. राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी अशी विधेयकं एकामागून एक नाकारली. लष्कराचा पगार धोक्यात आला तरी माघार घेतली नाही. तिथे हेझ यांनी 'देश चालला पाहिजे' म्हणून सही करायला हवी होती का? कधी कधी अडून बसणं हेच बरोबर असतं. आणि आता ज्यांचा विम्याचा हप्ता जानेवारीपासून दुप्पट होणार आहे, त्यांना विचारा डेमोक्रॅट उगाच अडले का.


काठावरचा
शनि, १५/११/२०२५ - १६:०८

@अनाहत, मुद्दा वजनदार आहे आणि १८७९ चं उदाहरण चपखल. पण तुमच्याच उदाहरणात बघा, हेझ आणि काँग्रेस महिनोन्‌महिने भांडले, ते भांडण करायला त्यांना कार्यालयं बंद ठेवावी लागली नाहीत. अडून बसायचा हक्क आणि त्याची किंमत सफाई कामगाराकडून वसूल करायचा हक्क, हे दोन वेगळे. पहिला राहू दे. मी दुसऱ्याविषयी बोलतोय.

उपाय फार अवघडही नाही. नवी मंजुरी नसेल तर मागच्या वर्षीच्या दराने खर्च आपोआप चालू, असा कायदा. विस्कॉन्सिनमध्ये तो आहे, तिथे अर्थसंकल्प महिनोन्‌महिने लांबला तरी कार्यालयं उघडी असतात. शेजारच्या मिनेसोटात नाही, तिथे २०११ च्या जुलैमध्ये राज्य वीस दिवस बंद होतं. केंद्रात १९९७ मध्ये काँग्रेसने ही तरतूद पूरग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकाला जोडून पाठवली होती. क्लिंटन यांनी विधेयक नाकारलं. २१ दिवसांच्या शटडाऊनमधून राजकीय फायदा त्यांना झाला होता आणि हत्यार त्यांना ठेवायचं होतं, असं माझं मत. रिपब्लिकनांची सत्ता असतानाही नंतर कुणी ते तडीस नेलं नाही.

आणि हत्यार चालतं का तेही बघा. २०१३ मध्ये ओबामाकेअर थांबवायला १६ दिवस बंद, ओबामाकेअर आहे तिथेच. २०१८-१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या ५७० कोटी डॉलरसाठी ३५ दिवस, मिळाले १३७.५ कोटी. तो संपला तो वाटाघाटींनी नव्हे. २५ जानेवारीला मोजकेच हवाई नियंत्रक कामावर आले नाहीत आणि न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावरची उड्डाणं थांबली, त्याच दिवशी ट्रम्प यांनी माघार घेतली. यावेळीही चाळीस विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला लागली आणि चार कोटींवर लोकांचे नोव्हेंबरचे अन्नसाहाय्याचे पैसे अडकले, तेव्हा हालचाल झाली. यावेळचं कधीच भरून न येणारं नुकसान काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार सुमारे ११०० कोटी डॉलर.


मृण्मयी_मेरीलँड
शनि, १५/११/२०२५ - २०:४०

@अनाहत, विम्याच्या अनुदानाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. माझ्या प्रयोगशाळेतल्या बहुतेकांचं तेच मत होतं, पगार नसतानाही. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच सांगायचं आहे.

गुरुवारी कामावर परत गेले. आमच्या मजल्यावरच्या त्या बाई आल्या नव्हत्या. मधल्या काळात त्यांनी दुसरीकडे काम धरलं, असं कळलं.


राघव_पुणे
रवि, १६/११/२०२५ - ०७:५५

खूप शिकायला मिळालं. आता पुढे काय? हे कायमचं मिटलं का?


एडिसनकर
रवि, १६/११/२०२५ - ०९:२०

नाही हो राघव. शेती, माजी सैनिकांची खाती आणि काँग्रेसचा स्वतःचा खर्च, या तीन विधेयकांना वर्षभराची मंजुरी मिळाली. त्यामुळे अन्नसाहाय्य सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षित. बाकी सगळं, कामगार खातं धरून, ३० जानेवारी २०२६ पर्यंतच.

ज्यांचं एच-१बी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतंय किंवा ज्यांना नोकरी बदलायची आहे त्यांनी वकिलाला आजच फोन करा. एलसीए सुरू होण्याच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. डिसेंबरात मंजूर करून हातात ठेवा. नाताळच्या सुट्ट्यांत वकील भेटत नाहीत, हेही धरून चला.